अक्षर तपासून घेणे

तस्लीमचं पत्र दिवाळी आटोपल्यावर आलं. संक्रांतही होऊन गेली, तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्रांच्या बाबतीत मी असा माणूस नव्हतो. कऱ्हाडच्या आमच्या महाविद्यालयात ग्रंथपाल असताना, हरवलेल्या पुस्तकाबद्दल चिडून लिहिलेल्या पत्रालाही मी त्याच दिवशी उत्तर पाठवत असे. माणसांशी समोरासमोर बोलणं मला जमत नाही. कागदावर थोडंफार जमतं, अशी माझी समजूत होती. या पत्रानं तीही काढून घेतली.

पत्र लहान आहे.

‘आदरणीय सर, सलाम. मी बरी आहे. शाळेत नववीला जीवशास्त्र शिकवते. चिपळूणची दमट हवा अजून मानवत नाही. एक बातमी आहे. सगळं नीट झालं तर मे महिन्यात आमच्या घरी तिसरं माणूस येईल. इथल्या डॉक्टरबाईंनी हातातल्या पट्ट्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, तर त्यांनी लिहिणं थांबवलं. सर, मी काही मागत नाहीये. बातमी तुम्हाला माझ्याकडून कळावी, एवढंच. काकवीची बाटली खिशात असते ना? तुमची, तस्लीम.’

‘मी काही मागत नाहीये’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की घडीवरचा कागद तिथे विरला. तिला जे हवं होतं ते आमच्या नियमाप्रमाणे तिला मागताच येत नव्हतं. ते फक्त मी देऊ शकत होतो. नियम कोणता आणि पट्टा कसला, हे सांगायचं तर मागे जावं लागेल. मला गोष्ट सांगायची सवय नाही. कुठे क्रम चुकला तर सांभाळून घ्यावं.

मला दहाव्या वर्षापासून मधुमेह आहे. उतारवयात होतो तो नव्हे. लहानपणीच शरीर स्वतःच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी शत्रू समजून मारून टाकतं, तो. आई म्हणाली होती, ‘दिगू, हे कुणाला सांगायचं नाही.’ कधीपर्यंत सांगायचं नाही, ते आई बोलली नव्हती, म्हणून नोकरी संपत आली तरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी जुन्या विश्वकोशांच्या मांडणीमागे जाऊन मी पोटात सुई टोचून येत असे. तिकडे कुणी फिरकत नसे. लग्नाचं एकदा जवळजवळ ठरलं होतं. तेव्हाही तोंड उघडलं नाही. नकार मात्र मीच दिला.

हे गुपित फुटलं ते देवघेवीच्या खिडकीवर. समोर पहिल्या वर्षाची एक मुलगी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक घेऊन उभी होती. मी परतीच्या तारखेचा शिक्का चिठ्ठीवर मारला. मग मुखपृष्ठावर मारला. मग टेबलावर. मग स्वतःच्या तळहातावर. हे मला नंतर सांगण्यात आलं. रांगेतली मुलं हसत होती. मागून एक दाढीवाला मुलगा सगळ्यांना बाजूला सारत आला.

“सर, तोंड उघडा.”

“मला काही झालेलं नाही. रांगेत या.”

“रांगेतच आलोय. उघडा तोंड.”

त्यानं खिशातून औषधाची असते तशी छोटी बाटली काढली आणि माझ्या तोंडात काकवी ओतली. आमच्या भागात गुऱ्हाळं भरपूर. गूळ होण्याआधीचा तो दाट, तांबडा रस कुठेही मिळतो. थोड्या वेळानं खिडकी, रांग, मुलं, सगळं जागेवर आलं. माझं पहिलं वाक्य म्हणे असं होतं, “पुस्तकावर शिक्का कुणी मारला?”

तो मुलगा इंद्रजित माळवदे. विधी शाखेचा. त्यालाही माझाच आजार, आठव्या वर्षापासून. त्यानं कॉलेजात ‘मधुमेह साहाय्य व जागृती गट’ काढला होता. त्या नावानं त्याला प्राचार्यांशिवाय कुणी ओळखत नसे. सभासदांच्या खिशात बाटल्या, म्हणून सगळे ‘काकवी मंडळ’ म्हणत.

इंद्रजितनं मला मंडळात ओढलं. वय झालेला मी एकटाच. वसतिगृहात मुलांचं इन्सुलिन कुणाच्या तरी उरलेल्या कालवणाशेजारी पडून असायचं. मंडळानं त्याच्यासाठी वेगळा फ्रीज मिळवला. कँटीनमध्ये प्रत्येक पदार्थापुढे त्यात किती चमचे साखर आहे ते खडूनं लिहिलं. कँटीनवाले बाबर म्हणायचे, “पोरांनो, माझ्या बासुंदीनं तुमचं काय घोडं मारलंय?” नोव्हेंबरात मधुमेहदिनाची खूण म्हणून फाटकापाशी मोठं निळं वर्तुळ काढायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची साखर तपासायची. शनिवारी आसपासच्या गावांतल्या शाळांत पथनाट्य. त्यात सासूचं काम इंद्रजित करायचा, दाढीसकट. नाटक संपलं की एखादी बाई हळूच बाजूला येऊन विचारायची, “आमच्या पोरीला हाय हे. लग्न हुईल का तिचं?” अशा वेळी उत्तर द्यायला ते मला पुढे करायचे. मी गप्प उभा राहायचो. बहुतेक त्या बाईला माझं गप्प राहणंच उत्तर वाटत असावं, पण कोणतं, ते मला कधी कळलं नाही.

आता पट्ट्याबद्दल.

इन्सुलिन जरा जास्त झालं किंवा जेवण कमी पडलं की रक्तातली साखर उतरते. आम्ही त्याला ‘लो’ म्हणतो. निरोगी शरीर अशा वेळी बोंब ठोकतं. छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात, भूक खवळते. पण बऱ्याच वर्षांच्या आजारानंतर शरीर बोंब ठोकायचं सोडून देतं. मेंदूची साखर संपत असते आणि माणसाला छान वाटत असतं. मेंदूच उपाशी, तर त्याला आपली चूक कशी कळणार? मोबाइलवर धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रं होती. माणूस ती घंटा स्वतःच्या हातानं बंद करायचा आणि झोपून जायचा. काही जण मग उठलेच नाहीत.

त्या सुमारास ‘सहस्पंद’ निघाला. त्यामागची कल्पना साधी आहे आणि थोडी भीतिदायकही. ज्याचं शरीर बोंब ठोकत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या शरीरानं ठोकायची. आजारी माणसाच्या दंडावर, कातडीखाली, साखर मोजणारी एक चिमुकली तबकडी. जोडीदाराच्या मनगटावर पट्टा. तबकडीला साखर उतरताना दिसली की पट्टा मनगटातल्या मज्जातंतूला ठरावीक लयीत विजेचे अगदी सूक्ष्म स्पंद देतो. ती लय मेंदूच्या बुडाशी पोचते आणि जोडीदाराच्या शरीराला वाटतं की आपलीच साखर उतरली. त्याची छाती धडधडते, त्याला घाम फुटतो. अंतर कितीही असो. घंटेकडे दुर्लक्ष करता येतं, स्वतःच्या छातीकडे येत नाही. तोच पट्टा आजाऱ्यानं स्वतः बांधला तर काही होत नाही. ज्या वाटेनं ती हाक जायची ती वाटच त्याच्यात बुजलेली असते.

मंडळाला प्रयोगासाठी असे पट्टे मिळाले. निरोगी मुलांमधून जोडीदार आले, खूप आले. त्या वयात माणूस असं काहीही पटकन मनगटाला बांधून घेतो. चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी जिला आली ती पुस्तक घेऊन खिडकीवर उभी असलेली मुलगी, तस्लीम मुल्ला. चिठ्ठी उघडून ती म्हणाली, “या अल्ला, शिक्केवाले सर!”

दोनतीन दिवसांनी ती रोपवाटिकेतून धावत आली. हाताला माती, कपाळावर घाम.

“सर, काकवी. आत्ताच्या आत्ता.”

“मला काही झालेलं नाही.”

“तुम्हाला नाही झालं, मला झालंय! प्या आधी!”

मी प्यालो. ती खुर्चीत बसली आणि तिचे हात थांबेपर्यंत तिनं ते टेबलावर दाबून धरले. मी तिच्याकडे बघत राहिलो. माझी भीती मला पहिल्यांदाच दिसत होती, बाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर.

रमजानमध्ये ती म्हणायची, “सर, रोजा माझा आणि भूक तुमची. हिशेब कसा लावायचा, मौलानांना विचारते.” मी त्या महिन्यात फार जपून, अगदी वेळेवर जेवायचो.

मंडळाचा नियम त्याच वर्षी झाला. समाधान नावाचा एक मुलगा होता, वसतिगृहात राहायचा. एका संध्याकाळी त्याच्या जोडीदाराचं मनगट थरथरलं. तो धावत गेला. समाधान हसतमुख होता. “मी मस्त आहे रे. सारखा काय मागे लागतोस? घरी जा, पट्टा काढून ठेव, उद्या पेपर आहे तुझा.” इतकं सरळ, इतकं समजूतदार बोलला की जोडीदारानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी समाधानच्या खोलीचं दार तोडावं लागलं. लो आलेला माणूस हेच बोलतो: मला काही झालेलं नाही, तू जा. हे त्याचं बोलणं नसतंच.

प्रेतयात्रेहून आल्यावर इंद्रजितनं बसून नियम लिहिला. जोडीदारानं आपणहून पट्टा काढायचा नाही आणि काढू का म्हणून विचारायचंही नाही. विचारलं की आजारी माणूस भिडेनं हो म्हणतो. त्याला सोडायचं ते आजाऱ्यानं. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, फोनवरचा संदेश चालणार नाही. स्वतःच्या हातानं, कागदावर लिहून द्यायचं. कारण साखर उतरली की जीभ एक वेळ सरळ चालते, पण अक्षर चालत नाही. ओळी खाली घसरतात, काने-मात्रा दूर जाऊन पडतात. जोडीदारानं अक्षर पाहायचं. ते सरळ असेल तरच पट्टा काढायचा. अशा कागदाच्या शेवटी आम्ही एक ओळ लिहायचो: अक्षर तपासून घेणे.

मी निवृत्त झालो. तस्लीम एम.एस्सी. झाली. आणि मग चकती आली.

ती बातमी मी वर्तमानपत्रात उभ्यानं वाचली होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या इन्सुलिनच्या पेशी, आणि त्यांच्याभोवती अशी सच्छिद्र पिशवी की साखर आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल, पण शरीराचे पहारेकरी आत शिरणार नाहीत. रुपयाएवढी चकती, पोटाच्या कातडीखाली. आजार बरा होत नव्हता, पण असून नसल्यासारखा होत होता. वर्षादीड वर्षात मंडळातल्या एकेकानं ती बसवून घेतली. इंद्रजितनं बसवली त्या दिवशी कँटीनमध्ये बाबरांच्या बासुंदीचे तीन वाडगे खाल्ले आणि रडला. बाबर घाबरून म्हणाले, “लई गोड झाली का ओ?”

शेवटच्या बैठकीत सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराला कागद लिहून दिले, पट्टे सोडले, चमचाचमचा काकवी भरवली. पट्ट्यांचं खोकं इंद्रजितनं माझ्याकडे दिलं. “सर, तुम्ही सांभाळा. तुम्हाला जुनं जपायची सवय आहे.” मंडळाची खोली रिकामी झाली. ते व्हायलाच हवं होतं. काम संपलं म्हणून मंडळ मोडावं, यासारखं भाग्य नाही.

माझ्या शरीरानं चकती घेतली नाही. दोनदा बसवली. दोन्ही वेळा शरीरानं तिच्याभोवती जाड कातडं विणून तिला आत गुदमरवलं. शंभरात एखाद्याचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा तस्लीम म्हणाली, “मग काय झालं? मी आहे ना.” आणि बाही खाली ओढून पट्टा झाकला.

ती लग्न होऊन चिपळूणला गेली. पट्टाही तिच्याबरोबर गेला. माझी साखर उतरली की चिपळूणहून फोन येई, “सर, प्या.” फोन उचलला नाही तर ती शेजारच्या सुलोचनाबाईंना करी, आणि त्या कपाळाला आठ्या घालून, पण येत. एवढ्या वर्षांत बाकीचं जग पुढे निघून गेलं. सुईविना इन्सुलिन देणारी, आपोआप थांबणारी यंत्रं बनवणं कंपन्यांनी सोडून दिलं. घेणारं कोण उरलं होतं? सगळ्यांसाठी पूल झाला की होडी कुणी दुरुस्त करत नाही. मी होडीत होतो. माझ्या कपाटात तबकड्या आहेत तेवढ्याच आहेत.

इतकं सगळं आहे त्या पत्रामागे.

पत्र आलं त्या आठवड्यात मी उत्तर लिहायला बसलो. ‘चि. तस्लीम, बातमी वाचून फार आनंद झाला.’ इथपर्यंत लिहिलं आणि भीती वाटली. मी भित्रा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. घरात एकटा असतो. पट्टा सुटला तर एखाद्या दुपारी खुर्चीत, पुस्तक मांडीवर असताना, मला छान वाटू लागेल आणि मग काहीच वाटणार नाही. कागद फाडला.

काही दिवसांनी टेबलावर मला एक लिहिलेलं पत्र सापडलं. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. त्यात मी तिला मोकळं केलं होतं, मोठ्या मनानं, सुंदर शब्दांत. पण ओळी कागदाच्या कोपऱ्यात घसरत गेल्या होत्या आणि ‘मोकळी’ची वेलांटी पुढच्या शब्दावर जाऊन पडली होती. लो आला असताना लिहिलं होतं. त्या दिवशी तिचा फोनही येऊन गेला होता.

मी ते पत्र पुष्कळ वेळ पाहत बसलो. साखर ठीक असताना मी भित्रा असतो. साखर उतरली की उदार होतो. मग माझ्यातला मी कोणता? माझ्यात जे काही चांगलं आहे ते उपाशी मेंदूचा भ्रम असेल, तर या वयात कुणाला विचारायचं?

संक्रांतीनंतर तिच्या नवऱ्याचा फोन आला. जुबेर. एकदाच भेटलो होतो, लग्नात.

“सर, तिला न सांगता फोन केलाय.”

“बोला.”

“कसं बोलू? रागवायचं ठरवून फोन उचलला, आता जमेना झालंय.” तो जरासा हसला. “सर, आमच्या लग्नाच्या पहिल्या रात्री तुमची साखर उतरली होती. माहितीये तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, “माफ करा.”

“नाही, माफी कशाला? तेव्हा मी हसलोच. म्हटलं, सासरा एक असतो लोकांना, मला दोन.” मग हलक्या आवाजात म्हणाला, “मागच्या वर्षीपण दिवस गेले होते तिला. राहिले नाहीत.”

मी खुर्चीत बसलो.

“डॉक्टरबाई म्हणतात कारण सांगता येत नाही. शंभर कारणं असतात. पट्टा थरथरला की रक्तवाहिन्या आखडतात म्हणे, आणि बाळाचं जेवण त्यातूनच जातं. असेल, नसेल. तिनं तुमचं नाव घेतलं नाही सर. मीपण घेत नाहीये. पण रात्री ती पोटावर हात ठेवून झोपते ना, तर तो पट्ट्याचा हात नसतो. दुसरा असतो. पट्ट्याचा हात लांब ठेवते, उशीखाली.”

“तिला सांगा...” मी म्हणालो.

“तुमचं तोंडी चालत नाही सर,” तो म्हणाला. “नियम मला पाठ झालाय.”

दुसऱ्या दिवशी मी खोक्यातला एक जुना पट्टा खिशात घातला आणि कॉलेजात गेलो. कुणी नवा जोडीदार मिळतो का पाहावं, म्हणजे तस्लीमला निश्चिंत मनानं लिहिता येईल. फाटकापाशी निळ्या वर्तुळाची कड फरशीत अजून थोडी दिसते. ती ओलांडताना मला उगीच चोरट्यासारखं वाटलं.

मंडळाच्या खोलीत आता ड्रोन क्लब आहे. उसावर फवारणी करायचा ड्रोन खोलून चारपाच मुलं बसली होती.

“आजोबा, कुणाला शोधताय?”

मी अडखळत सांगितलं. मंडळ, जोडीदार, लो. मुलं चांगली होती. शांतपणे ऐकलं त्यांनी.

“मधुमेह म्हणजे ते चकतीवालं ना?” एक जण म्हणाला. “माझ्या मावशीला आहे. म्हणजे होता.”

“तुम्ही का नाही बसवत चकती?” दुसऱ्यानं विचारलं. मी ते सांगितलं. तो म्हणाला, “बेकार नशीब.” आणि लगेच, “सॉरी हां आजोबा.”

तेव्हा स्क्रू हातात घेऊन बसलेली एक मुलगी उठली. इरा शेडगे, दुसऱ्या वर्षाची. “द्या, मी बांधून बघते. काय होतंय त्यात?” तिनं माझ्यासमोर पट्टा मनगटावर बांधला. हसत होती. पट्ट्याला तपासणीचं बटण असतं. मी म्हटलं, “दाबू?”

“दाबा की.”

मी दाबलं. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा रंग निघून गेला. तिनं टेबलाची कड धरली. ओठांवर घाम आला. डोळे इकडेतिकडे फिरले, दार शोधत असल्यासारखे. “काढा,” ती म्हणाली, “काढा, काढा,” आणि माझ्या आधी तिनंच तो ओरबाडून काढला. कुणीतरी तिला पाणी दिलं.

“सॉरी सर,” पाणी पिऊन ती म्हणाली. आता मला सर म्हणाली. “मला वाटलं मी मरतेय. हे... हे रोज?”

“रोज नाही. आठवड्यातून दोनतीनदा.”

“आणि कोण घालतं ते?”

“एक मुलगी आहे,” मी म्हणालो.

“किती वर्षं?”

मी पट्टा उचलून खिशात घातला. ज्याची साखर उतरते त्याला काही कळत नाही; सगळं तिला कळतं. टेबलावर दाबून धरलेले ते दोन हात मी पाहिले होते, पण तिच्या आत काय होत होतं ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तिला माझी काळजी वाटते. ती दरवेळी माझं मरण स्वतः भोगत होती, आणि मग फोन करून मला ‘सर, प्या’ एवढंच म्हणत होती.

परतताना डॉ. शिराळकरांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा लहान, पण माझी फाइल त्यांच्या वडिलांच्या काळातली.

“साखर वरच ठेवली तर?” मी विचारलं. “म्हणजे मुद्दाम. इन्सुलिन कमी घेऊन. लो येणारच नाहीत.”

“नाही येणार.” त्यांनी चष्मा काढला. “पण औंधकर, तुमच्या डोळ्यांच्या पडद्यावर आधीच ठिपके आहेत. चढी साखर म्हणजे ते पसरत जाणार. हळूहळू मूत्रपिंडही. लो एका दिवसात नेतो, हे सावकाश नेतं. इतकाच फरक.”

“डोळे किती टिकतील?”

“ते विचारू नका.” मग खाली बघत म्हणाले, “वाचायचं राहिलेलं असेल ते आधी वाचून घ्या.”

घरी आलो. भिंतीला लागून असलेल्या कपाटांकडे पाहिलं. निवृत्तीनंतर वाचू म्हणून ठेवलेली कितीतरी पुस्तकं अजून बांधलेलीच आहेत. त्यांतली सगळी वाचून होणार नव्हतीच, डोळे टिकले असते तरी. हे समाधान खोटं आहे, पण वापरलं.

मग मी नीट जेवलो. भाकरी, आमटी, वर भात. थोडं थांबलो. साखर मोजली. आकडा चांगला होता. पुन्हा मोजली, तसाच होता. मग भीती शोधली. ती होती, जागच्या जागी. म्हणजे हा मी भरल्या पोटी होतो, पुरता भित्रा. आणि तरी लिहायला बसलो होतो. बहुधा एवढंच मला बघायचं होतं.

पण हात कापत होते. लो नव्हता, वय होतं. तस्लीम अक्षर पाहणार. थरथर दिसली तर ती पट्टा काढणार नाही, उलट फोन करील. दोन कागद वाया गेले. मग मला तालिकापत्रांचं अक्षर आठवलं. आमच्या वेळी पुस्तकांची नोंद छोट्या पत्रांवर हातानं लिहायचो आणि त्यासाठी आम्हाला वेगळं वळण शिकवलेलं असे: उभं, सुटं, एकेक अक्षर वेगळं पाडलेलं, कोणी लिहिलं ते ओळखू येऊ नये असं. ते मनानं लिहिलं जात नाही, हात आपला लिहीत जातो. तस्लीम ते वळण ओळखते. तिनं माझ्या खिडकीवर ती पत्रं खूप चाळली आहेत. मी पट्टी ठेवून, एकेक अक्षर उभं करत लिहिलं.

‘चि. तस्लीम हीस, अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. बातमीनं फार आनंद झाला. आज कॉलेजात गेलो होतो. मंडळाच्या खोलीत मुलं आहेत. इरा शेडगे नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं माझ्यासमोर पट्टा मनगटावर बांधला. चुणचुणीत आहे. डॉक्टरांशी बोललो. लो येणार नाहीत अशी व्यवस्था झाली आहे. बाटली खिशात असते. या पत्रानं मी तुला पट्ट्यातून मोकळी करत आहे. तो उजव्या हातानं काढ, आणि पट्ट्याचा हात पोटावर ठेव. जुबेररावांना नमस्कार. दिगंबर औंधकर. अक्षर तपासून घेणे.’

पुन्हा वाचलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. नियम अक्षर तपासण्याचा आहे. मजकूर तपासण्याचा इंद्रजितनं केला नव्हता. तो आता साताऱ्याला न्यायाधीश आहे. कधी भेटला तर कबूल करीन.

पत्र चिपळूणला पोचायला दिवस लागतील आणि तोवर पट्टा तिच्या हातात असेल. तोवर ते मनगट थरथरता कामा नये. रात्रीचं इन्सुलिन मी निम्मं घेतलं. सकाळी उठलो तेव्हा तोंड कोरडं होतं आणि कपाटांवरची नावं नेहमीपेक्षा धूसर होती. ते पहिल्या दिवशी इतक्यात होत नाही, हे मला माहीत आहे. मनाचे खेळ असावेत.

रस्त्यांवरच्या लाल पेट्या केव्हाच काढल्या. पोस्टाची खिडकी आठवड्यातून दोनदा उघडते. तिथल्या बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं.

“हातानं लिहिलंय? छापल्यासारखं अक्षर आहे ओ तुमचं.”

“खरंच?” मी विचारलं. “सरळ आहे ना?”

“एकदम सरळ.”

खिशात हात गेला. बाटली होती. मी तिचं बूच घट्ट आहे ना ते पाहिलं आणि बाईंना म्हणालो, “मग टाका.”

त्यांनी शिक्का मारला, एकदाच, आणि पत्र चिपळूणच्या पिशवीत टाकलं.